यापूर्वीची यादी रद्द समजावी

"ए टायपिस्ट, पाणी आण गं जरा."

हे मला उद्देशून. माझं वय चौसष्ट. डोक्यावर एकही काळा केस नाही, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, हातात भरल्या वांग्यांचं पातेलं. आजूबाजूला पन्नासेक मराठी माणसं. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधला भाड्याचा हॉल, जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा. २०१६ साल.

मी पातेलं खाली ठेवलं. किचनमध्ये गेले. स्वच्छ ग्लास शोधला, तो पुन्हा विसळला, भरला आणि दोन्ही हातांनी नेऊन दिला.

दोन्ही हातांनी! आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

खुर्चीत बसलेले होते साहेब. मफलर, हाफ स्वेटर, पंचाहत्तरीची तब्येत. आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष निनाद, वेलिंग्टनला आयटीत मोठ्या पदावर असलेला, त्याचे हे वडील. लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. निनादने ओळख करून दिली, "काकू, बाबा तुमच्याच जिल्ह्यात पोलीस अधिकारी होते बरं का." मी बघितलं आणि मला चेहरा ओळखू आला. कुठल्याही शहाण्या बाईने नमस्कार करून बाजूला व्हावं. मी काय केलं? मी आनंदाने म्हणाले, "साहेब, मी तुमच्या कचेरीत रोजंदारीवर टायपिस्ट होते!"

"असं? अरे वा," साहेब म्हणाले. नाव विचारलं नाही. लगेच पाणी मागितलं.

आणि माझ्या बावळट मनात त्या क्षणी काय आलं, तेही सांगून टाकते. त्यांच्या कचेरीतल्या माठाला मला हात लावायची परवानगी नव्हती. शिपाई वरून ओतायचा, मी ओंजळ धरायची. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे ओंजळसुद्धा खालीच. आज त्याच साहेबांनी माझ्या हातचं पाणी मागून घेतलं. मला वाटलं, बघा, किती बदललं जग!

चौसष्टाव्या वर्षी इतकी अक्कल होती मला.

गाडीत नात मागच्या सीटवर होती. तन्वी, आम्ही तनू म्हणतो. एकोणीस वर्षांची, सहा वर्षांची असताना इथे आली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून.

"आजी, व्हाय डिड यू गेट अप?"

"अगं, मोठे आहेत ते."

"ही'ज गॉट लेग्ज."

पुढे गाडी चालवत असलेली माझी लेक उज्ज्वला हसली. ती हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. मला हसू आलं नाही. पाय आहेत त्यांना. ही साधी गोष्ट मला बेचाळीस वर्षांत सुचली नव्हती.

आता ती बेचाळीस वर्षांपूर्वीची पोरगी कोण, ते सांगते. तिच्याइतकं हसण्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

बावीस वर्षांची. दोन वेण्या. मॅट्रिक, शिवाय मराठी टायपिंगची परीक्षा पास. आमच्या वस्तीतली पहिली. पोलीस शिपाई व्हायचं वेड डोक्यात. त्या वर्षी जिल्ह्यात बायकांच्या पाच जागा निघाल्या होत्या. निवड मंडळापुढे उंची मोजून घेतली, धावून दाखवलं, पेपर लिहिला. यादी लागली. माझं नाव चौथं. नेमणुकीचा कागद यायला वेळ होता, तोवर त्याच कचेरीत, आस्थापना शाखेत, रोजंदारीवर टायपिंग मिळालं. मला वाटायचं, आता मी आतलीच झाले. नुसता खाकी रंग चढायचा राहिलाय.

या पोरीला एकच अहंकार होता. तिच्या टायपिंगमध्ये चूक नसायची. मूळ प्रत आणि खाली चार कार्बन, पाच प्रती, तरी कुठे खाडाखोड नाही. बाकीचे टायपिस्ट मजकूर वाचत टाइप करायचे आणि चुकायचे. हिने युक्ती शोधून काढली होती. वाचायचंच नाही. डोळ्यांनी अक्षर उचलायचं, बोटांनी ठेवायचं. मध्ये डोकं आणायचं नाही.

एका दुपारी साहेबांनी स्वतः मसुदा आणून दिला. तेव्हा ते तिशीतले, ताठ, इस्त्रीची घडी मोडायची नाही असे. "अर्जंट आहे. पाच प्रती. चूक नको."

नवाकोरा कार्बन काढला. पंधरा मिनिटांत कागद टेबलावर. साहेबांनी वरून खालपर्यंत नजर फिरवली.

"शाब्बास. एकही चूक नाही."

एवढंच. पण त्या पोरीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. साहेबांनी आपल्या तोंडाने शाब्बास म्हटलं! तिने पहिला कार्बन गुपचूप घडी घालून पोलक्यात खोचला. कार्बन एकदाच वापरलेला असला की उजेडासमोर धरल्यावर त्यातून अक्षरं लख्ख वाचता येतात. आबांना दाखवायचा होता. सरकारी मालमत्तेची चोरी. माझ्या नोकरीतली ती पहिली आणि शेवटची.

माझे आबा चौथी शिकलेले. गावच्या बाजारात चपला शिवत. संध्याकाळचं ऊन अजून दारात होतं. त्यांनी कार्बन उन्हाकडे धरला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागले. "या जिल्ह्यातील पोलीस शिपाई पदांवर नेमणुका करताना... निवड मंडळाच्या नियमांतून... विशेष बाब म्हणून सूट देण्यात यावी... स्थानिक परिस्थितीची जाण असलेल्या उमेदवारांची... थेट नेमणूक..."

"बघा आबा, कुठं खाडाखोड दिसते का?"

आबांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"यापूर्वीची निवड यादी रद्द समजावी." त्यांनी परत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "पोरी, ह्या यादीत तुजं नाव हुतं ना?"

आणि मी, ही मी, जिच्या मांडीवर आज नातवंडं वाढली, मी काय म्हणाले माहितीय?

"आबा, तुम्ही टायपिंग बघा ना."

माझ्या हाताने मी माझं नाव पुसलं. पाच प्रतींत. एकही चूक न करता.

वरून मंजुरी आली. निवड मंडळाचे नियम आमच्या जिल्ह्यातल्या पोलिसांना लागू नाहीत असं झालं. कारण दिलं होतं की गावाची नाडी ओळखणारा गावचाच माणूस हवा. मग गावची माणसं आली. पाटलांचा भाचा, साहेबांच्या ड्रायव्हरचा मेव्हणा, सोसायटीच्या चेअरमनचा धाकटा. त्यातल्या एकाला धावताना धाप लागायची, तरी त्याला कुणी धावायला लावलंच नव्हतं. बायकांच्या पाच जागांपुढे शेरा होता, "योग्य उमेदवार उपलब्ध नाहीत." तो शेराही मीच टाइप केला. तेव्हा मात्र वाचला. वाचला आणि टाइप केला. कारण रोजंदारी होती आणि घरात चूल होती.

चार वर्षांनी जिल्हा परिषदेत क्लार्क लागले. रीतसर यादीतून. त्या वेळी यादी रद्द करायचं कुणाला सुचलं नाही म्हणून. हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले, मालक वारले, आणि २०११ मध्ये लेकीने इकडे आणलं. सर्टिफिकेटांच्या फायलीत तो कार्बनही आला. कशाला ठेवला होतास, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माझ्या टायपिंगचा नमुना म्हणून. खोटं नाही. त्या पोरीची ती वेडी ऐट तोपर्यंत माझ्यात शाबूत होती.

तर आता परत अप्पर हट.

तनूला पोलीस व्हायचं होतं. इथल्या पोलिसांत. मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच वाटलं. अर्ज तयार होता. अर्जात तिला ओळखणाऱ्या माणसांची नावं द्यायची होती, आणि निनाद स्वतःहून म्हणाला होता, "माझं नाव दे." मी मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना शिकवायचे, तनू मदतीला यायची, त्यामुळे तो तिला पाच वर्षं बघत होता. वजनदार माणूस. त्याचं पत्र म्हणजे मोठा आधार. अडचण एकच होती. पोहणं. ठरलेल्या वेळेत पन्नास मीटर पोहून दाखवायचं आणि खोल पाण्यात बुडी मारून तळावरची वस्तू वर आणायची. तनू चाळीस मीटरला गळपटायची.

हॉलमधल्या त्या पाण्याच्या ग्लासानंतर आठवड्याने निनाद वडिलांना घेऊन आमच्या घरी आला. चहा झाला. साहेबांनी माझ्या सोफ्यावर पाय पसरले.

"काकू, पुढच्या शनिवारी बाबांचा अमृतमहोत्सव करतोय. तुम्ही पाच मिनिटं बोला. बाबांनी तिकडे स्थानिक पोरं घेऊन पोलीस दल कसं उभं केलं, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंय," मी म्हणाले.

साहेबांनी तनूकडे मोर्चा वळवला. "तू पोलिसात जाणार म्हणे? काय अडलंय?"

तनूने पोहण्याचं सांगितलं.

"हात्तिच्या! पोहणं-बिहणं कसलं. निनादच्या ओळखीचा एक सार्जंट आहे, तो बोलेल. अगं, नियम कुठेही शिथिल होतात. मागणारा पाहिजे. तुझ्या आजीला विचार, तिने टाइप केलेत माझे असले कागद." आणि हसले. खरंच मजेत हसले.

त्यांच्या डोळ्यांत काही लबाडी नव्हती. हे मला फार नंतर कळलं. त्यांना काही आठवतच नव्हतं. जिची यादी रद्द झाली तीच टाइप करत होती, हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं आणि आताही नाही.

पण माझं लक्ष साहेबांकडे नव्हतं. माझं लक्ष तनूकडे होतं. तिचे डोळे चमकले होते. क्षणभरच. "रिअली?" ती म्हणाली.

तिथे मी घाबरले. ओंजळ धरताना घाबरले नव्हते, दोन्ही हातांनी ग्लास देताना घाबरले नव्हते. त्या एका "रिअली"ला घाबरले. कारण उद्या ही पोरगी सूट घेऊन खाकीत, नाही, इथे निळा असतो, निळ्यात गेली, तर तिच्या मागे रांगेत पूर्ण पन्नास मीटर पोहून आलेली कुठली तरी दुसरी पोरगी घरी जाईल. आणि ती पोरगी कोण, ते मला पक्कं माहीत होतं. दोन वेण्यांची.

मी साहेबांना म्हणाले, "बोलते ना. पाच मिनिटं काय, सगळं बोलते."

शनिवारी दुपारी हॉलमध्ये फुगे, पडद्यावर साहेबांचे वर्दीतले फोटो. कार्यक्रमपत्रिका छापली होती. माझ्या जागी लिहिलं होतं, "साहेबांच्या कार्यालयातील एक भगिनी." नाव नाही. निनाद मला पाच वर्षं ओळखत होता, शाळेच्या हजेरीपटावर दर रविवारी माझी सही असायची. त्यालाही माझं नाव लागलं नाही.

मी उठले. गुडघे कुरकुरले. माईकपाशी न जाता खिडकीपाशी गेले, कारण तिथे ऊन होतं. पर्समधून फाइल काढली, फाइलमधून कार्बन. म्हणाले, "मंडळी, कार्यक्रमाला शोभेल असं साहेबांचंच एक लिखाण वाचते. टायपिंग माझं."

काही जण हसले. टाळ्याही पडल्या.

कार्बन उन्हात धरला आणि वाचला. पहिल्या शब्दापासून. "विशेष बाब म्हणून सूट" वाचलं, "स्थानिक परिस्थितीची जाण असलेल्या" वाचलं. शेवटची ओळ आबांसारखी दोनदा वाचली. मग म्हणाले, "या यादीत चौथं नाव माझं होतं."



साहेब खुर्चीतूनच म्हणाले, "अगं, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. स्थानिक माणूसच हवा होता."

"मी स्थानिकच होते, साहेब. कचेरीच्या मागच्या भिंतीला लागून आमची वस्ती. तुम्ही रुमाल नाकाला लावून तिथूनच जायचात. पाटलांचा भाचा तर सात कोसांवरून आला."

"काकू, प्लीज," निनाद पुढे आला. "आज बाबांचा दिवस आहे."

"तुझ्या बाबांचे सगळेच दिवस होते रे. हा एक मला दे."

"तुम्ही कोट्याचं राजकारण इथे आणू नका." हे साहेब. आवाज चढलेला, जुना, कचेरीतला.

"मी धावून आले होते, साहेब. पेपर लिहून आले होते. उंची मोजून आले होते. तुम्ही आणलेल्यांनी काय मोजून दिलं?"

पाठोपाठ मी म्हणाले, "नियम तुमच्या आड येत होता, कारण त्या नियमात शिरायला आमच्यासाठी एवढंसं दार होतं. तुम्ही नियम शिथिल नाही केला. दार बुजवलंत. आणि चुना माझ्या हातून लावून घेतलात. मीही शहाणी, चुना कसा गुळगुळीत बसला म्हणून खूश होते."

 साहेबांचा हात सवयीने उठला, माझ्याकडेच. "पाणी..."

"किचनमध्ये शिरलं की डाव्या हाताला नळ आहे," मी म्हणाले. आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

मागून कुणी तरी फिस्सकन हसलं. तनू होती. तिचं ते हसणं सोडलं तर त्या दुपारी माझ्या बाजूने काही झालं नाही, हे आधीच सांगते. कुणी येऊन मिठी मारली नाही. दोन बायका ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. एक गृहस्थ म्हणाले, "आजी, जुनं उकरून काय मिळतं?" मी म्हटलं, "तुम्ही तर जुन्याचाच सत्कार करताय. मी फक्त पुढचं पान उलटलं."

घरी आल्यावर लेक तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते असं, "आई, तुला आत्ताच सुचायचं होतं? पोरीचा अर्ज जायचाय."

बरोबर होतं तिचं. निनादचा मेसेज आला होता. इंग्रजीत, अतिशय सभ्य. अशा परिस्थितीत तन्वीसाठी नाव देणं त्याला योग्य वाटत नव्हतं. रविवारची शाळाही दुसऱ्या कुणाला तरी दिली गेली. पाच वर्षांचा हजेरीपट मी बांधून परत केला. प्रत्येक पानावर माझी पूर्ण सही आहे, बघायची असेल तर.

तनूने तिच्या शाळेतल्या नेटबॉलच्या कोचचं नाव घातलं. साधी बाई, मुलांना ओरडणारी, कुणाच्या ओळखीपाळखीत नसलेली. पोहणं राहिलंच होतं. तनू माझ्यावर रागावली होती का? होती. "यू कुड हॅव वेटेड, आजी," म्हणाली. मी तिला कार्बन दिला. उन्हात धर म्हटलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, आबांसारखंच बोट ठेवून वाचते. शेवटच्या ओळीशी आली आणि मान वर केली.

"यू टाइप्ड धिस?"

"हो."

"यू डिडन्ट रीड इट?"

"नाही."

"आजी, दॅट'स सो डंब."

"म्हणूनच तुला वाचायला दिला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तलावावर. बंदिस्त तलाव, सकाळी सहाला उघडतो. मी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, शाल, कानटोपी, पायात मोजे आणि वर तनूच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात तिच्या आईचा घड्याळवाला फोन. इथली माणसं मला "किया ओरा, कोच" असा इथला नमस्कार घालायला लागली. पोहता मला आजही येत नाही. पण मोजता येतं.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. तीन सेकंदांनी. परीक्षा घेणारी बाई हळहळली, म्हणाली, इतकं जवळ आली होतीस. तनू टॉवेलात तोंड खुपसून माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "थ्री सेकंड्स, आजी. हू केअर्स अबाउट थ्री सेकंड्स?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलंही. पण बोलले ते असं, "ज्या पोरीने ते तीन सेकंद भरून काढलेत, तिला."

आता ती परत पोहतेय. पास होईल की नाही, मला माहीत नाही. परवा चाळीस मीटरला थकली, बाजूच्या दोरीला हात लावून एक क्षण लोंबकळली, मग उरलेलं पोहून आली आणि हसत विचारलं, "टाइम?"

"दोरी धरलीस."

"नोबडी सॉ."

"मी पाहिलं."

"आजी, कमॉन. जस्ट वन्स."

जस्ट वन्स. विशेष बाब म्हणून. दोन वेण्यांच्या त्या पोरीने वाचलं असतं तर तिला कळलं असतं की कागद कायम याच शब्दांत येतो. गोड, आपल्याच माणसाच्या तोंडून, आपल्याच पोरीसाठी.

मी घड्याळ पुसून शून्यावर आणलं.

बावीस वर्षांच्या त्या वेडीला मी पुष्कळ हसून घेतलं. आता तिच्याकडून न वाचता एकदाही टाइप होणार नाही. साहेबांसाठी नाही, मंडळासाठी नाही, माझ्या पोटच्या पोरीच्या पोरीसाठी तर अजिबात नाही. कुठलाही कागद आला तरी आधी शेवटची ओळ वाचणार. त्यात कुणाचं नाव पुसलं जात असेल तर बोटं उचलून घेणार. आणि खुर्चीतून कुणी पाणी मागितलं, तर नळ कुठे आहे ते सांगणार.

"परत जा," मी तनूला म्हणाले. "त्या टोकाला. पहिल्यापासून."